त्रुटीची कारणे

फळ्यावर एक रेघ ओढली. घर ते शाळा.
मग तीच रेघ उलटी. शाळा ते घर.
चाललात किती? दोन किलोमीटर.
आणि विस्थापन?
नववी 'ब'ची सतरा तोंडं गप्प,
पंखाही गप्प, वीज साडेदहालाच गेलेली.
शून्य, मी म्हटलं.
जिथून निघालात तिथंच आलात, म्हणून शून्य.

त्या शून्याखाली दोन रेघा मारत होतो
तेव्हा टिकेश्वरी वलथरे उभी राहिली:
"सर, पन आमी तं वापस गेलोच नाई."

खरंय. जुना पाथरटोला धरणाच्या पोटात,
नवा टेकाडावर, प्लॉट एक ते दोनशे बारा,
सिमेंटच्या खांबांवर निळ्या रंगातले आकडे.
तिचं घर सत्त्याऐंशी.
तिच्या दाखल्यावर शिक्का आहे, प्रकल्पग्रस्त,
मीच तो दर जूनला फाईलला लावतो.
आणि बावीस वर्षं शिकवत आलो:
दोन बिंदूंमधलं कमीत कमी अंतर, दिशेसह.
दिशा विचारली असती तर तिनं बोटानं दाखवली असती.
विचारली नाही. घंटा झाली.

पुढच्या आठवड्यात अणू.
मैदानाच्या मधोमध खसखशीचा एक दाणा ठेवला,
हा केंद्रक, म्हटलं, आणि इलेक्ट्रॉन
पार तिकडं, कुंपणालगतच्या मोहापाशी.
मधे काय?
मधे काही नाही.
वर्गात परतल्यावर लोकेश टेंभुर्णेनं बाकावर बुक्की हाणली,
"काईच नाई तं लागते कायले, सर?"
पोरं हसली. मीही हसलो.
उत्तर मला येत होतं, प्रभारांचं, प्रतिकर्षणाचं,
सांगितलंही. पण कुणी ऐकत नव्हतं,
खिडकीतून दोघं ओरडत होते
की केंद्रक मुंगीनं नेला.

लहरींसाठी घरून परात आणली.
पाणी, आणि वर चिमूटभर धानाचा कोंडा.
बोट बुडवलं, काढलं, बुडवलं.
वर्तुळं काठाला जाऊन लागली,
कोंडा गेला नाही. वर झाला, खाली झाला,
जागच्या जागी.
पाणी जात नाही, बघा. जाते ती ऊर्जा.
टिकेश्वरी इतकी वाकली की वेणीचं टोक परातीत.
"मंग धरनाचं पानी जिथलं तिथंच रायते?"
जवळजवळ, म्हटलं. वारा नसला तर.
"म्हंजे आमच्या आंगनावरचं आंगनावरच?"
दुसऱ्यांदा 'जवळजवळ' म्हणवेना.
परात उचलली, पाणी गुलमोहराला ओतलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर धरणावर गेलो.
तिचा मामा, गणपत मारबते, डोंग्यातून पलीकडच्या काठाला,
त्याच्याकडं तेलाचा रिकामा पिपा आणि दांडकं,
आमच्याकडं एक स्टॉपवॉच,
ज्याचं बटण दोनदा दाबावं लागतं.
दांडकं खाली आलं. दिसलं.
आवाज नाही.
बुडलेल्या बाभळीच्या शेंड्यावर पाणकावळा
पंख वाळवत तसाच बसलेला.
मग ठण्ण.
पाच वेळा केलं. सरासरी दोन पूर्णांक एक सेकंद.
गुणिले तीनशे चाळीस.
सातशे चौदा मीटर, लोकेशनं मातीत गणित सोडवलं.
"एवढंसंच?" टिकेश्वरी म्हणाली.
"मले तं लय मोठं वाटे."

सोमवारी वह्या आल्या.
तिची उद्दिष्ट, साहित्य, कृती, सगळी समास सोडून,
निरीक्षणाचा तक्ता पट्टीनं आखलेला,
'ध्वनी'तला ध दोनदा गिरवलेला.
शेवटी, त्रुटीची कारणे:
१. वारा होता.
२. घड्याळाचे बटण अडकते.
३. मामाने काठी मारली तेव्हा मी
काठीकडे बघत नव्हते, मधे बघत होते.

बरोबरची खूण केली. सही केली.
तारीख टाकायची राहिली.